किती सेट राहिले?

सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. व्यायामशाळेत मात्र सोमवार छातीचा असतो. रविवारचं मटण अंगावर आलेलं असतं, आठवडा नवा असतो, संकल्प ताजे असतात आणि सगळ्यांना एकाच वेळी बेंच हवा असतो. आमच्या भागातल्या सार्वजनिक व्यायामशाळेत तीन बेंच आहेत. एकाची गादी फाटून आतला स्पंज बाहेर आलाय, दुसऱ्याच्या एका पायाखाली वीट आहे. म्हणजे खरा बेंच एकच.

मागच्या महिन्यात अशाच एका सोमवारी, संध्याकाळी सात-सव्वासातला, त्या बेंचवर तिशीतला एक धिप्पाड तरुण बसला होता. सेट मारून झाला होता आणि तो मोबाइल बघत होता. बाजूला आम्ही तिघं उभे. पोलीस भरतीची तयारी करणारा एक विशीतला मुलगा, कापडाच्या दुकानात काम करणारे एक काका आणि मी. मुलगा उगाच खांदे फिरवत होता, काका आरशात बघून केस सारखे करत होते, मी भिंतीवरच्या मारुतीच्या तसबिरीकडे बघत होतो. शेवटी मुलानंच धीर केला. "भाऊ, किती सेट राहिले?" मान वर न करता भाऊंनी दोन बोटं दाखवली. त्या दोन सेटना चौदा मिनिटं लागली. तसबिरीशेजारीच घड्याळ आहे, म्हणून एवढं नेमकं सांगता येतं.

या चौदा मिनिटांत भाऊंनी एकही नियम मोडला नव्हता. भिंतीवर पाटी आहे. वजने आपटू नयेत, टॉवेल आणावा, चपला बाहेर काढाव्यात, गुटखा खाऊन थुंकू नये. बेंचवर किती वेळ बसावं याबद्दल पाटी गप्प आहे. मग आम्हा तिघांच्या मनात जी चिडचिड होत होती ती कशाची? आमचा काही हक्क मारला जात होता, की आम्हीच उतावळे होतो? प्रश्न क्षुल्लक दिसतो. पण अनोळखी माणसांनी एक वस्तू मिळून कशी वापरायची, हा प्रश्न नळावर, कालव्यावर, एसटीत आणि लोकलमध्येही असतो आणि त्याचं उत्तर आपण प्रत्येक ठिकाणी वेगळं देत आलो आहोत.

आधी हिशेब मांडू. रॉड दहा वेळा खाली-वर करायला फार तर चाळीस सेकंद लागतात. मग विश्रांती. वजन जड असेल तर ही विश्रांती खरोखरच लागते. स्नायूंमध्ये तातडीच्या कामासाठी साठवलेलं इंधन सेटमध्ये खर्च होतं आणि ते बऱ्यापैकी भरून यायला तीन ते पाच मिनिटं जातात. म्हणून जड सेटनंतर दोन-तीन मिनिटं थांबा, असं प्रशिक्षकही सांगतात. चार सेट म्हणजे कामाची दोन मिनिटं चाळीस सेकंद. मधल्या तीन विश्रांत्यांची नऊ मिनिटं. एकूण अकरा मिनिटं चाळीस सेकंद माणूस बेंच अडवून बसतो आणि त्यातला चौथा हिस्सासुद्धा बेंच वापरला जात नाही. एकाच्या तीन मिनिटांच्या विश्रांतीत दुसऱ्याचा आणि तिसऱ्याचा असे दोन सेट आरामात बसतात, प्लेटा बदलण्याच्या वेळेसकट. म्हणजे त्या सोमवारी टंचाई बेंचची नव्हतीच. बेंच बहुतेक वेळ रिकामाच होता, फक्त त्यावर माणूस बसलेला होता.

मला म्हणायचंय ते एवढंच. विश्रांती माणसाची असते, यंत्राची नसते. स्नायूंना तीन मिनिटं हवीत हे मान्य. ती त्यांनी खुशाल घ्यावीत. पण ती बेंचवर बसूनच घ्यायला हवीत असं शरीरशास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही. सेट संपला की उठावं. सामायिक साधनांबद्दलचा शिष्टाचार एका वाक्यात सांगायचा तर तो हाच आहे. बाकीचं बरंचसं त्यातूनच निघतं.

"मी फी भरलीय" हे यावरचं पहिलं उत्तर असतं. भरली आहे, नक्कीच. पण फी भरून नेमकं काय विकत घेतलं? बेंच विकत घ्यायचा तर त्याची किंमत काही हजारांत आहे. तो घरी नेऊन त्यावर पापड वाळत घातले तरी कुणी विचारणार नाही. व्यायामशाळेची फी भरणारा माणूस नंबर विकत घेतो. तीच फी इतरांनीही भरलेली असते, आणि सगळ्यांनी मिळून भरली म्हणूनच ती प्रत्येकाला परवडते. वेळेचं आणखी एक आहे. ती साठवता येत नाही. बेंचवर वाया गेलेली तीन मिनिटं संध्याकाळी बंद करताना गल्ल्यात सापडत नाहीत. चारीतून नाल्याला गेलेल्या पाण्यासारखी ती गेलेली असतात, आणि पलीकडचं वावर कोरडंच राहतं.

हक्क सांगायची आपली एक जुनी पद्धत आहे. एसटी फलाटाला लागते न लागते तोच बाहेरून खिडकीतून रुमाल आत पडतो. आत चढणाऱ्यानं तो रुमाल बघायचा आणि पुढच्या सीटकडे सरकायचं. रुमालाला कायद्यात काही किंमत नाही, पण एसटीत तो कित्येक दशकं चालला. व्यायामशाळेत या रुमालाचे अनेक वारसदार आहेत. बेंचवर ठेवलेली पाण्याची बाटली, केबलच्या हँडलला लटकवलेला नॅपकिन, ट्रेडमिलवर ठेवलेली चावी. एक जण तर एकाच वेळी तीन यंत्रांवर तीन वस्तू ठेवून फिरतो. "सुपरसेट चालू आहे," म्हणतो. पण एसटीतला रुमाल ज्या जागेसाठी टाकलेला असतो, तिथे पुढचे तीन तास कुणीतरी खरंच बसणार असतं. बेंचवरच्या बाटलीमागे तेवढंही कारण नसतं. तिचा मालक पाणी प्यायला गेलेला असतो, आणि तेही बाटली इथे ठेवून.

माणसं बसून का राहतात, याचं एक साधं कारण यंत्राच्या घडणीत आहे. जुन्या साधनांना बसायची सोयच नव्हती. मुद्गल फिरवून झाला की तो खाली ठेवावा लागतो. करेला हातात धरून गप्पा मारता येत नाहीत. मल्लखांबावर तर विश्रांतीचा प्रश्नच येत नाही. उडी, पकड, दोन-चार उड्या-पकडी, की खाली उतरायचं. खाली उतरलेला माणूस रांगेच्या शेवटी जातो आणि एरंडेलानं गुळगुळीत झालेल्या त्या एका खांबावर वीस पोरं तासाभरात आपापल्या पाळ्या उरकतात. नव्या यंत्रांना मात्र गादी आली, पाठ टेकायला जागा आली. सगळ्या व्यायामशाळेत बसण्यासारख्या आरामशीर जागा तेवढ्याच असतात. थकलेला माणूस तिथेच बसणार आणि हातात मोबाइल असला की उठणार नाही, यात त्याच्या स्वभावापेक्षा गादीचा हात जास्त आहे. म्हणून मला वाटतं, नवं यंत्र घेण्याआधी व्यायामशाळेनं भिंतीला लागून चार साधी लाकडी बाकडी टाकावीत. अर्ध्या कुरबुरी तिथे बसून जिरतील.

इथे तालमीची आठवण काढायचा मोह होतो आणि ती काढायलाच हवी. शाहू महाराजांनी ज्या कोल्हापुरात खासबागेचं मैदान उभारलं, तिथल्या गल्लोगल्लीच्या तालमींत हौद्याची माती कुणा एकाची नसे. तिच्यात ताक, लिंबू, हळद, तेल पडायचं. ती रोज फावड्यानं उकरून भुसभुशीत करायची आणि ते उकरणं हाच व्यायामाचा पहिला भाग असे. साधन तयार ठेवणं आणि साधन वापरणं यांत फरकच नव्हता. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत उभ्या राहिलेल्या संस्थांनी हेच अंगण मोठं केलं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चं, दादरचं समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चं. तिथे यायचा तो सभासद, आणि सभासद भरतो ती वर्गणी. आज आपण मेंबर असतो आणि पॅकेज घेतो. शब्द बदलले तसा माणूसही बदलला. वर्गणी देणाऱ्याला गणपतीच्या मंडपात सतरंजी घालावीशी वाटते. पॅकेज घेणाऱ्याला सतरंजी घातलेली हवी असते.

पण तालमीच्या शिस्तीचा हिशेब पूर्ण मांडायचा तर दुसरी बाजूही लिहावी लागेल. ती शिस्त वस्तादाच्या डोळ्यावर चालायची. आधी कोण, मग कोण, हे त्यानं ठरवायचं. नव्या पोरानं उकरायचं, पाणी भरायचं, अंग चोळून द्यायचं आणि शेवटी जमलं तर उतरायचं. जातीची उतरंड चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवली जायची, असंही नाही. बायकांना तर त्या उंबऱ्याच्या आत पाऊलच नव्हतं. आजच्या सार्वजनिक व्यायामशाळेत ओळखपत्र दाखवलं की वॉचमन आत सोडतो. आडनाव, वजन, वय, दंडाचा घेर काही विचारत नाही. ही लहान गोष्ट नाही. त्यामुळे तालमीतून आपण कामाची रीत घ्यावी, अधिकाराची रीत घेऊ नये. आणि नेमकी इथेच खरी अडचण सुरू होते. वस्ताद गेला, पण त्याच्या जागी काय आलं? आलं ते विचारणं. ज्याला हवं त्यानं विचारावं.

विचारायला काय लागतं, असं म्हणणारे बहुधा विचारू शकणारे असतात. व्यायामशाळेत पंधरा दिवसांपूर्वी आलेला, काठीसारख्या हातांचा मुलगा घामानं निथळणाऱ्या पैलवानासमोर जाऊन "मी मधे मारू का?" म्हणेल, ही अपेक्षा फार मोठी आहे. चार पुरुषांनी वेढलेल्या स्क्वॉटच्या रॅकपाशी एकट्या बाईनं जाऊन विचारणं तर त्याहून अवघड. विचारलंच तर एकाच्या जागी चौघं तिला पाठ कशी ठेवायची ते शिकवायला लागतात, न विचारता. साठी उलटलेले निवृत्त गृहस्थ विचारत नाहीत, कारण पोराच्या वयाच्या मुलानं दोन बोटं दाखवली तर अपमान होईल. म्हणजे "विचारा ना" या रीतीत जो धीट, जो जुना, जो दांडगा, त्याचंच फावतं. दिसायला ती सगळ्यांना सारखी आहे. चालते मात्र दंडाच्या घेरावरच.

यातली गंमत अशी की याच जागी माणसं एकमेकांवर केवढा विश्वास टाकतात! ऐंशी किलोचा रॉड छातीवर घ्यायचा असला की आपण नाव-गाव माहीत नसलेल्या माणसाला हाक मारतो, "भाऊ, सपोर्ट दे जरा." तो हातातलं काम टाकून येतो, रॉडखाली हात धरून उभा राहतो, "अजून एक, अजून एक" म्हणून ओरडतो. हात निसटला तर काय होईल हे दोघांनाही ठाऊक असतं. हे मागायला लाज वाटत नाही आणि बेंच मागायला वाटते. का? कारण सपोर्ट मागणं म्हणजे समोरच्याच्या ताकदीची कबुली आहे. त्याला ते आवडतं. बेंच मागणं म्हणजे त्याच्यावर ठपका ठेवण्यासारखं आहे, तुम्ही फार वेळ बसला आहात म्हणून. शब्द कितीही गोड असले तरी प्रश्नाचा काटा टोचतोच. यावर उपाय एकच. ज्याच्या हातात साधन आहे त्यानंच आधी बोलावं. "तुम्हाला हवाय का? माझे दोन राहिलेत, मधे मारा." मागणाऱ्याचं ओझं देणाऱ्यानं उचललं की काटाच राहत नाही. आणि देणारा काही बोलला नाही, नुसता उठून बाजूला उभा राहिला, तरी निम्मं काम होतं. रिकाम्या बेंचकडे बोट दाखवून विचारणं हे बसलेल्या माणसाला विचारण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं.

मुंबईच्या लोकलनं हे फार पूर्वी ओळखलं. दुसऱ्या वर्गाच्या बाकावर तिघं बसावेत अशी त्याची घडण. तिथे चौथा बसतो. रेल्वेच्या कुठल्या नियमात ही चौथी सीट नाही. तरी चौथा येऊन उभा राहिला की तिघं न बोलता थोडं थोडं सरकतात. चौथ्याला अर्धीच जागा मिळते आणि ती अर्धी पुरेशी आहे हे त्यालाही मान्य असतं. "कुठे उतरणार?" हा तिथला "किती सेट राहिले?" आहे. फरक इतकाच की लोकलमध्ये त्याचं उत्तर मान वर करून देतात. दादर म्हणाला की तो दादरलाच उठतो. गर्दीनं ज्यांना रोज चिरडलं त्यांनी ही रीत घडवली. कुणाच्या भाषणानं ती आली नाही. व्यायामशाळा त्या मानानं नवी आहे, कानात इअरफोन आहेत, आणि गर्दी फक्त सहा ते आठ असते. म्हणून रीत अजून कच्ची आहे.

काही आक्षेप खरे आहेत आणि ते मान्य केले पाहिजेत. एक जण शंभर किलोनं स्क्वॉट मारतो, दुसरा तीसनं. प्रत्येक सेटला दोन्ही बाजूंच्या प्लेटा काढायच्या, घालायच्या, क्लिप लावायच्या. असं आळीपाळीनं करणं दोघांनाही जाच आहे. तिथे एकानं सरळ आपले सेट उरकून मोकळं व्हावं, हेच बरं. पण लॅट पुलडाऊन, केबल, पायांची यंत्रं, जिथे नुसती पिन एका भोकातून काढून दुसऱ्यात घालायची असते, तिथे ही सबब चालत नाही. पिनेला दोन सेकंद लागतात. सकाळी अकराला व्यायामशाळेत दोनच माणसं असतील तर गादीवर खुशाल बसा, वर्तमानपत्र वाचा. शिष्टाचार टंचाईच्या वेळेसाठी असतो. उद्यानांतल्या खुल्या व्यायामशाळांची गोष्टही थोडी वेगळी. तिथे पाय हलवत दोन आज्या सुनांबद्दल बोलत असतात तेव्हा तो व्यायामही असतो आणि दिवसातली एकुलती एक गाठभेटही. त्यांना घड्याळ दाखवणारा माणूस मला तरी बघवणार नाही.

प्लेटांबद्दल मात्र सूट नाही. लेग प्रेसवर वीस किलोच्या दहा प्लेटा घालून कुणी आपला पराक्रम उरकतो आणि तसाच निघून जातो. नंतर पाठदुखीसाठी डॉक्टरांनी पाठवलेल्या पन्नाशीच्या बाई तिथे येतात, त्यांना वीस किलो पुरेसे असतात. म्हणजे व्यायामाआधी त्यांनी जवळजवळ दोनशे किलो उतरवायचे. ज्यानं चढवले त्याला ते उतरवणं सोपं होतं. उतरवायची पाळी येते ती ज्याला ते झेपत नाही त्याच्यावर. रॅकवरच्या रॉडचं आणखी एक आहे. एका बाजूच्या सगळ्या प्लेटा आधी काढल्या तर दुसऱ्या बाजूच्या वजनानं रॉड उलटतो आणि शेजारच्याच्या तोंडावर येऊ शकतो. नवख्याला हे माहीत नसतं. त्यामुळे भरलेला रॉड सोडून जाणं हा नुसता आळस नाही, तो मागे ठेवलेला सापळा आहे. घामाचंही तसंच. गादीवर उमटलेला पाठीचा ओला ठसा पुसणं हे सभ्यतेचं आहेच, शिवाय नायटा आणि गजकर्ण ओल्या कातडीला आणि सामायिक टॉवेलाला फार लवकर चिकटतात. हौदा उकरण्याची आजची रीत हीच आहे. आपण आलो तेव्हा होतं त्याहून साधन थोडं बरं करून सोडायचं.

मग हे घडवून कोण आणणार? आणखी एक पाटी लावा, कॅमेरा बसवा, दंड घ्या, असं लोक म्हणतात. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली सामायिक कुरणाचं उदाहरण देऊन मांडलं की जे सगळ्यांचं असतं ते सगळे मिळून ओरबाडतात. म्हणून त्यावर एक तर मालक हवा नाहीतर सरकार. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्यभर उलट पुरावे गोळा केले. स्वित्झर्लंडमधली डोंगरी कुरणं, स्पेनमधले पाण्याचे पाट, फिलिपिन्समधली सिंचनाची मंडळं, लोकांनी शेकडो वर्षं आपल्या नियमांनी सांभाळलेली. या कामासाठी २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पुरावा शोधायला आपल्याला तेवढं लांब जायची गरज नाही. धुळे-नाशिककडे पांझरा-मोसमच्या काठची फड पद्धत याच जातीची. बंधाऱ्याचं पाणी फडाफडांत वाटायचं, आणि ते वाटायला पाटकरी नेमायचा तो शेतकऱ्यांनीच. पाटकऱ्याला वस्तादासारखा मान नसतो आणि पोलिसासारखा दंडुकाही नसतो. कुणाची पाळी कधी, एवढं त्याला पक्कं ठाऊक असतं. ज्यांना पाणी हवं त्यांनीच नियम केले, म्हणून ते पाळले गेले.

आमच्या व्यायामशाळेतला प्रशिक्षक दाराशी खुर्ची टाकून फीच्या पावत्या फाडतो. त्यानं सात ते आठ एवढा एकच तास पाटकरी व्हावं. "दादा, यांनाही घ्या मधे," एवढं हसत म्हणणं त्याच्या हातात आहे, आणि त्याच्या तोंडून ते आलं की कुणाला टोचत नाही. पण त्याहून आधी रीत पडायला हवी, आणि रीत पाहून पडते. पहिल्या दिवशी आलेला मुलगा पाटी वाचत नाही. मोठे काय करतात ते बघतो. भाऊ गादीवर बसून राहिले तर तो तेच शिकेल.

त्या सोमवारी भाऊ उठले तेव्हा आठला पंचवीस मिनिटं होती. भरतीच्या मुलाचा नंबर पहिला. गोळाफेकीसाठी खांदे तयार करायचेत, असं त्यानं मघाशी सांगितलं होतं. त्यानं भाऊंच्या प्लेटा उतरवल्या, आपल्या घातल्या, दहा मोजून मारले. रॉड आकड्यावर ठेवला, उठला, खांद्यावरच्या नॅपकिननं गादी पुसली आणि म्हणाला, "काका, या." काका क्षणभर चुकल्यासारखे उभे राहिले. मग त्यांनी वजन कमी केलं, मारलं, उठले, माझ्याकडे बघून मान हलवली. आठला दहा कमी असताना तिघांचे मिळून बारा सेट झाले होते.

आम्हा दोघांपैकी कुणीही त्याला विचारलं नव्हतं.